संपर्क कोठें अडला?

निकालाच्या दिवशीं अमरावतीहून आमच्या संगणकाचा अकोल्यांतील डेटाबेस सर्व्हरशीं संपर्क होईना. पालक खोळंबले, आम्ही घाईनें पासवर्ड बदलीत बसलों. पडद्यावरील संदेश मात्र आम्हीं नीट वाचलाच नव्हता.

अकोल्यास धाडलेला निरोप्या परतलाच नाहीं, म्हणजे 'वेळ संपली' असें दिसलें, तर दोष बहुधा बडनेरा-मूर्तिजापुराच्या वाटेवर, अर्थात् नेटवर्कांत वा फायरवॉलमध्यें असतो. 'संपर्क नाकारला' म्हणजे बहुधा घर सांपडलें, पण दार बंद: डेटाबेस थांबला किंवा पोर्ट चुकला. मायएसक्यूएलचा पोर्ट सामान्यतः ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचा ५४३२. 'प्रवेश नाकारला' म्हणजे दार उघडलें, ओळख पटली नाहीं. पासवर्ड तपासावा तो येथें.

आमचा संदेश दुसऱ्या प्रकारचा होता. थांबलेला डेटाबेस सुरू करतांच निकाल दिसले. विद्यार्थीमित्रहो, उपाय करण्यापूर्वीं संदेश वाचावा.