गाजर गवतावरचा भुंगा हळदीवर येत नाही

डोंगरकडा, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर या पट्ट्यात पाऊस पडला की हे ऐकावं लागतंच: "कृषी विद्यापीठाचे भुंगे गवत संपलं की आमच्या हळदीवर येणार." मग कुणीतरी पंप पाठीवर घेऊन बांधावरच्या गाजर गवतावर कीटकनाशक मारून येतो. भुंगे मरतात, गवत डोलत राहतं.

हा मेक्सिकन भुंगा म्हणजे झायगोग्रामा बायकलोराटा. 1983 मध्ये तो मेक्सिकोतून बंगळूरला आणला आणि चाचण्या घेऊन 1984 मध्ये गाजर गवतावर सोडला. तुरीच्या दाण्याएवढा, मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट नागमोडी रेघा. मादी गाजर गवताच्या पानाखाली अंडी घालते, पिवळसर अळ्या कोवळे शेंडे कुरतडतात आणि पुढे मातीत शिरून कोष करतात. थोडंफार तो शंकेश्वरावरही चरतो. पण तेही गाजर गवताच्याच कुळातलं. हळद, केळी, सोयाबीन यांचा त्या कुळाशी काही संबंध नाही. गवत संपलं तर तो दुसरीकडचं गाजर गवत शोधतो. पाऊसकाळ सरला की जमिनीत झोपून राहतो.

"मग सूर्यफुलाचं काय?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे खरंच दिसले होते आणि मोठा गहजब झाला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या जयंत आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये कारण छापलं: शेजारच्या गाजर गवताचे परागकण पानांवर पडले होते, त्यांनी भुंगा फसला. म्हणजे गाजर गवत काढलं असतं तर भांडणच उरलं नसतं!

सोयाबीनच्या खोडावर दोन चक्रं पाडतो तो चक्रीभुंगा. हळदीच्या मुळ्या खाते ती हुमणी. दोघंही इथलेच. त्यांचा राग मेक्सिकन भुंग्यावर कशाला?

भुंग्यानं अंगाला खाज सुटते? खाज गवताची आहे.

गवत अमेरिकेच्या पीएल-480 करारातल्या गव्हातून आलं? तो करार ऑगस्ट 1956 चा. पुण्यात ते 1955 मध्येच नोंदलं गेलं होतं.

भुंगे एकदा सोडले की गवत कायमचं जातं? तेही नाही. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून भुंगे जून-जुलैत, फुलोऱ्याआधी सोडायचे, आणि सोडले त्या जागी फवारणी करायची नाही.