एचएमटीचं गाव

उमरेडच्या किराणा दुकानात ‘एचएमटी’ मागितलं की बारीक तांदूळ मिळतो. त्याचं जन्मगाव फार दूर नाही. भिवापूर ओलांडलं की नागभीड तालुका, त्यातलं नांदेड. तिसरी शिकलेल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत तीन पिवळसर, वेगळ्याच लोंब्या दिसल्या. ते दाणे त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपले; पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध पेरले आणि रानडुकरांच्या भीतीने भोवती काटेरी झुडपं रोवली. प्रयोगशाळा म्हणाल तर एवढीच! पुढची काही वर्षं फक्त निवड, पेरणी, पुन्हा निवड. नाव तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून, तेही व्यापाऱ्याने दिलेलं.

१९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ आणलं. शुद्धीकरण आमचं, असं विद्यापीठ म्हणे. वाण माझं, असं दादाजी. आमच्या मते मूळ दाणा ज्याने हेरला, त्याचं नाव पिशवीवर हवं होतं. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने दखल घेतली, तरी २०१८ च्या अखेरच्या आजारपणात पैशांची ओढाताण चुकली नाही. एचएमटीनंतर त्यांनी ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’ अशी आणखीही वाणं काढली. एकाचं नाव ‘डीआरके’, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे.