वेबहुक म्हणजे काय? चॅटबॉट आणि पेढीचे काम जोडण्याची रीत

कापडाच्या बाजारात मालाची विचारणा आता दुकानाच्या पायरीइतकीच व्हॉट्सॲपवरही होते. "पांढरा कॅम्ब्रिक, ४४ पन्हा, ४० ताके, भाव काय?" असा निरोप सोलापूरहून येतो, तसाच हैदराबादहूनही येतो. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, पण बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला त्याची खबर नसते. रमजानच्या हंगामात तर निरोपांचा असा ढीग पडतो की मुनीम एकाला उत्तर देईपर्यंत दुसऱ्याने माल दुसरीकडून उचललेला असतो. यावर उपाय म्हणून पुष्कळ व्यापारी चॅटबॉट ठेवू लागले आहेत. परंतु नुसता बोलणारा चॅटबॉट म्हणजे गोड बोलून चहा पाजणारा, पण वहीला हात न लावणारा नोकर होय. त्याने ऐकलेली मागणी वहीत उतरली पाहिजे, गोदामाला कळली पाहिजे. ही जोडणी ज्या साधनाने होते त्याला वेबहुक म्हणतात. त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

यात तीन घटक आहेत. पहिला चॅटबॉट, जो गिऱ्हाइकाशी बोलतो. दुसरा कामाची साखळी चालविणारे साधन. झेपियर, मेक आणि एन-एट-एन ही त्यांतील परिचित नावे. हे साधन एक काम झाले की दुसरे आपोआप करते: मागणी आली की तक्त्यात नोंद, नोंद झाली की मालकाला निरोप, मालकाने होकार दिला की गिऱ्हाइकाला उत्तर. तिसरा घटक वेबहुक, म्हणजे या दोघांमधला निरोप्या.

वेबहुक समजण्यास ट्रान्सपोर्टचे उदाहरण पुरेसे आहे. आपला गठ्ठा आला की नाही हे पाहण्यासाठी दर तासाला पोराला गोदामावर पाठविणे ही एक रीत. दहापैकी नऊ खेपा फुकट जातात. दुसरी रीत अशी की गोदामवाल्याकडे आपला पत्ता देऊन ठेवायचा आणि गठ्ठा उतरताच त्यानेच माणूस पाठवायचा. वेबहुक ही दुसरी रीत आहे. आपण इंटरनेटवरचा एक पत्ता देऊन ठेवतो. गिऱ्हाइकाचा निरोप येताच समोरची यंत्रणा त्या पत्त्यावर मजकूर आणून टाकते. मजकुराची मांडणी गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीसारखी असते: पाठविणाऱ्याचा नंबर, वेळ, निरोपाचा स्वतंत्र क्रमांक आणि मूळ शब्द, प्रत्येक आपापल्या रकान्यात. या मांडणीला जेसन म्हणतात.

आता प्रत्यक्ष जोडणी पाहू. मेटा कंपनीने व्हॉट्सॲपची क्लाउड एपीआय २०२२ साली सर्व व्यवसायांना खुली केली. तिच्या साह्याने आपला धंद्याचा नंबर संगणकाच्या कामाला जोडता येतो. साखळीसाठी एन-एट-एन घेऊ. ते २०१९ साली बर्लिनमध्ये सुरू झाले. स्वतःच्या सर्व्हरवर बसवून आपल्याच पेढीच्या कामाला वापरल्यास त्याच्या साध्या आवृत्तीला परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हरचे भाडे तेवढे लागते.

एन-एट-एनमध्ये नवी साखळी उघडून वेबहुकची पहिली कडी ठेवली की ती दोन पत्ते देते. एक चाचणीचा, दुसरा कायमचा. चाचणीचा पत्ता थोडाच वेळ ऐकतो. म्हणून तपासणी झाल्यावर कायमचा पत्ताच द्यावा आणि साखळी चालू करावी. हा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा आणि बाहेरून पोहोचता येणारा हवा. दुकानातल्या संगणकावर बसविलेली साखळी वीज गेली की बंद पडते. त्यामुळे भाड्याचा सर्व्हर बरा.

हा पत्ता मेटाच्या खात्यात नोंदविला की मेटा प्रथम पडताळणी करते. आपण ठरविलेला गुप्त शब्द आणि एक आकडा ती त्या पत्त्यावर पाठविते. शब्द जुळवून तोच आकडा परत दिला तरच पत्ता मान्य होतो. एन-एट-एनमधील व्हॉट्सॲपची तयार कडी वापरल्यास ही नोंदणी ती स्वतः करते.

यानंतरच्या कड्या अशा लावाव्यात. दुसऱ्या कडीत निरोपाचे शब्द चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनीसारख्या भाषा जाणणाऱ्या यंत्राकडे द्यावेत आणि त्याच्याकडून चारच गोष्टी मागाव्यात: माल, पन्हा, ताके आणि गाव. गिऱ्हाईक मराठीत लिहो, हिंदीत लिहो वा इंग्रजी अक्षरांत उर्दू लिहो, ही यंत्रे बहुतेक वेळा अर्थ लावतात. तिसऱ्या कडीत ती माहिती तक्त्यात उतरते. चौथ्या कडीत मालकाला निरोप जातो. पाचव्या कडीतून गिऱ्हाइकाला उत्तर जाते.

येथे चार गोष्टींची दक्षता घेतली नाही तर फायद्याऐवजी तोटा पदरी पडेल.

पहिली गोष्ट, पोच. निरोप मिळताच "मिळाला" असे उत्तर ताबडतोब गेले पाहिजे. संगणकाच्या भाषेत ते २०० या आकड्याने देतात. पोच न मिळाल्यास मेटा तोच निरोप पुन्हा पाठविते. साखळी आधी सर्व काम उरकून मग पोच देऊ लागली, तर एकाच मागणीची दोनदा नोंद होईल आणि ४० ताक्यांचे ८० निघतील. म्हणून एन-एट-एनमध्ये पोच लगेच देण्याचा पर्याय निवडावा. शिवाय प्रत्येक निरोपाचा क्रमांक नोंदवून ठेवावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर पुढे काही करू नये.

दुसरी गोष्ट, ओळख. आपला पत्ता ज्याच्या हाती लागेल तो खोटी मागणी टाकू शकतो. मेटा प्रत्येक निरोपाबरोबर एक सही पाठविते, जी आपल्या गुप्त किल्लीवरून तयार होते. ती सही जुळली तरच निरोप खरा मानावा. बिल्टीवरचा शिक्का न पाहता माल सोडणारा व्यापारी किती दिवस टिकेल? गुप्त किल्ली कोणालाही पाठवू नये. गिऱ्हाइकांचे नंबर व व्यवहार ही आपल्याकडील अमानत आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून भाषेच्या यंत्राकडे फक्त मागणीचा मजकूर द्यावा, उधारीची वही देऊ नये.

तिसरी गोष्ट, भाव. भाषेचे यंत्र आत्मविश्वासाने चुकीचेही बोलते. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले की नातेवाइकाच्या मृत्यूनिमित्त मिळणारी भाड्यातील सूट प्रवासानंतरही मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणापुढे गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला: चॅटबॉटच्या बोलण्याची जबाबदारी कंपनीचीच, तिने भरपाई द्यावी. निकाल परदेशातला असला तरी बाजारातला जुना दंडक तोच आहे. नोकराने दिलेला शब्द मालकाचा शब्द असतो. यासाठी यंत्राला भाव बोलू देऊ नये. भाव रोजच्या तक्त्यातून जसाच्या तसा उचलावा, आणि सौदा पक्का झाल्याचे उत्तर मालकाने होकार दिल्यावरच जावे. उधारीचा निर्णय तर माणसानेच घ्यावा.

चौथी गोष्ट, मुदत. गिऱ्हाइकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासांपर्यंत आपण हवे ते उत्तर लिहू शकतो. त्यानंतर मेटाने आधी मंजूर केलेला ठराविक मजकूरच पाठविता येतो. तेव्हा होकारासाठी मालकाकडे गेलेली मागणी दोन दिवस पडून राहता कामा नये. काही तासांत होकार न आल्यास मालकाला पुन्हा आठवण देणारी कडी जोडावी.

आमचे मत असे की लहान पेढीने एकदम सर्व साखळी उभारू नये. पहिल्या महिन्यात फक्त मागणी तक्त्यात उतरवावी आणि मुनीमाने रोज संध्याकाळी ती मूळ निरोपांशी ताडून पाहावी. त्यात चुका दिसल्या नाहीत तर उत्तराची कडी जोडावी. हातमागावरील कारागिरालाही हे जमण्यासारखे आहे. माग चालू असताना हात फोनकडे जात नाहीत, आणि त्याच वेळी आलेली मागणी दलालाकडे वळते. ती मागणी नोंदली गेली आणि गिऱ्हाइकाला "निरोप मिळाला, संध्याकाळी उत्तर देतो" एवढे कळले, तरी तो थांबतो. गिऱ्हाईक थांबले तर भाव ठरविणे कारागिराच्या हाती राहते.