आजीचं 'भेव' आणि इंग्रजीतला 'ऑफ'

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची अकोल्याहून अमरावतीला आली, ती इंग्रजीची वही घेऊनच. वहीतल्या एका वाक्याभोवती बाईंनी लाल गोल काढला होता. तिनं लिहिलं होतं, 'आय ॲम अफ्रेड फ्रॉम डॉग्ज.' त्यातलं 'फ्रॉम' खोडून वर 'ऑफ' लिहिलेलं.

"मामा, 'फ्रॉम' काहून नाही चालत?" तिनं विचारलं. "हिंदीत 'कुत्ते से डर लगता है' म्हणतात ना? 'से' म्हणजे 'फ्रॉम'च की!"

प्रश्न एकदम रास्त होता. अकोला काय, अमरावती काय, आपल्याकडे बाजारात, बसस्टँडवर, खेळाच्या मैदानावर हिंदी कानावर पडतेच. तिनं डोकं चालवून 'से'चा 'फ्रॉम' केला होता. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात गच्चीवर कुरडया उलटणारी आजी मधेच म्हणाली, "त्याच्यात रडाचं काय व माय? मले बी कुत्र्याचं भेव लागते!"

मी थांबलो. पुन्हा ऐका तिचं वाक्य. मले कुत्र्याचं भेव लागते. भाचीला हवा असलेला 'ऑफ' त्यातच बसलेला आहे. 'कुत्र्याचं' मधलं 'चं' म्हणजेच तो!

कसं ते सांगतो. इंग्रजीत 'अफ्रेड' हे विशेषण आहे. अशी पुष्कळ विशेषणं एकटी फिरत नाहीत. त्यांच्यामागून एक छोटा शब्द येतो आणि तो कोणता असावा हे ठरलेलं असतं. अफ्रेड आला की 'ऑफ', गुड आला की 'ॲट', इंटरेस्टेड आला की 'इन', अँग्री आला की 'विथ'. या छोट्या शब्दांना इंग्रजीत 'प्रीपोझिशन' म्हणतात. 'प्री' म्हणजे आधी. 'ऑफ डॉग्ज' म्हणताना 'ऑफ' आधी येतो, कुत्रे नंतर. आपलं उलटं. आपण आधी 'कुत्रा' म्हणतो, त्याचं 'कुत्र्या' करतो आणि मग शेपूट जोडतो: कुत्र्याचं, कुत्र्याला, कुत्र्यावर, कुत्र्यापासून. व्याकरणाच्या पुस्तकात यांना विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं म्हणतात. मी शेपूटच म्हणणार, कारण ते मागेच लागतं.

आता आजीच्या वाक्याची गंमत. मराठीत भावना आपल्याकडे पाहुणी म्हणून येते. मला भीती वाटते, मला कंटाळा येतो, मला लाज वाटते. भावना 'मला' होते, आणि ज्याच्यामुळे होते त्याला 'चा, ची, चं' लागतं. कुत्र्याची भीती. शाळेचा कंटाळा. इंग्रजीत माणूस स्वतःच 'अफ्रेड' असतो, स्वतःच 'टायर्ड' असतो. पण ज्याच्यामुळे तसं होतं, त्याच्या आधी तिथे 'ऑफ' येतो, आणि 'ऑफ'चा रोजचा अर्थ 'चा, ची, चं' असाच आहे.

मग आम्ही गच्चीवरच खेळ सुरू केला. मी इंग्रजी विशेषण सांगायचं, आजीनं वऱ्हाडीत वाक्य करायचं, भाचीनं शेपूट ओळखायचं.

'टायर्ड' म्हणजे इथे कंटाळलेला, असं मी सांगितलं. आजी म्हणाली, "पोराले शायेचा कंटाया आला." (वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून शाळेची शाया आणि कंटाळ्याचा कंटाया.) शेपूट 'चा', म्हणून 'टायर्ड ऑफ स्कूल'. बरोबर! 'फॉन्ड'ला आजी म्हणाली, "मले आंब्याची लय आवड हाय." म्हणून 'फॉन्ड ऑफ मँगोज'. बरोबर! 'प्राउड'ला तिनं भाचीकडे पाहिलं, "मले तुह्या अभिमान हाय." 'तुह्या' म्हणजे तुझा, म्हणून 'प्राउड ऑफ यू'. भाची लाजली, तेव्हा 'अशेम्ड ऑफ'पण निघाला, कारण लाज कशाची तरी वाटते. हेवा कुणाचा तरी वाटतो, म्हणून 'जेलस ऑफ'. खात्री कशाची तरी असते, म्हणून 'शुअर ऑफ'. एकामागून एक सगळी जुळली.

पण पोरांनो, ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'आईला माझा राग आला' यात 'माझा' आहे, तरी इंग्रजीत 'अँग्री ऑफ मी' म्हणत नाहीत, 'अँग्री विथ मी' म्हणतात. 'पाण्याने भरलेली बादली' यात 'ने' आहे, पण इंग्रजी म्हणतं 'फुल ऑफ वॉटर'. आपण म्हणतो 'गणितात हुशार', म्हणून आपल्या तोंडी 'गुड इन मॅथ्स' पटकन येतं, पण शाळेच्या इंग्रजीत 'गुड ॲट मॅथ्स' शिकवतात. हे कसं लक्षात ठेवायचं? मी भाचीला गलोल आठवायला सांगितली. इंग्रजीत 'ॲट' नेम धरणारा शब्द आहे. कैरीवर खडा मारायचा तर 'थ्रो ॲट', कुणाकडे पाहायचं तर 'लुक ॲट'. गणितात तुझा नेम लागतो, म्हणून तू 'गुड ॲट मॅथ्स'. 'इंटरेस्टेड इन' तर आणखी सोपा आहे. क्रिकेटमध्ये रस, 'मध्ये' म्हणजे 'इन'.

आणि भाचीच्या 'फ्रॉम'चं काय? मला तिची बाजू घ्यायची आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ऑफ'चा अर्थ 'पासून, दूर' असा होता. पुढे त्याच एका शब्दाचे दोन झाले. पंखा बंद करताना आपण म्हणतो तो दोन 'एफ'चा 'ऑफ', आणि 'चा, ची, चं' सांगणारा एका 'एफ'चा 'ऑफ', ज्याला इंग्रज माणूस 'ऑव्ह' म्हणतो. दोघे सख्खे भाऊ. 'अफ्रेड' हा शब्दसुद्धा मुळात 'घाबरवलेला' अशा अर्थाचा. म्हणजे कुत्र्यापासून भीती, हा विचार काही वेडगळ नव्हता. फक्त आजच्या इंग्रजीत तो चालत नाही, एवढंच.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. 'वेगळा'साठी 'डिफरंट' घ्या. 'डिफरंट फ्रॉम' सगळीकडे चालतं, इंग्लंडमध्ये 'डिफरंट टू' ऐकू येतं आणि अमेरिकेत 'डिफरंट दॅन'.

तुम्ही म्हणाल, शेपूट मागे की पुढे, हे कोण ठरवतं? १९६३ साली जोसेफ ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं जगातल्या तीस भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांना दिसलं की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यांत हे छोटे शब्द बहुधा नामाच्या मागे लागतात. 'मी आंबा खातो' यात 'खातो' शेवटी आहे, म्हणून 'आंब्याचा'. जपानीतही तसंच. बहुधा म्हणायचं कारण फारसी. तिच्यात क्रियापद शेवटी असतं, तरी छोटे शब्द पुढे येतात.

यासाठी फार लांब जायलाही नको. अमरावती जिल्ह्यातच मेळघाट आहे. धारणी, चिखलदऱ्याकडे कोरकू भाषा बोलतात. मराठीशी तिचं नातं नाही, ती मुंडा भाषांपैकी आहे. तरी तिचीही शेपटं मागे! आणि तिची दूरची नातेवाईक असलेली कंबोडियाची ख्मेर भाषा मात्र इंग्रजीसारखे छोटे शब्द पुढे ठेवते.

आपली शेपटंसुद्धा गावोगावी बदलतात. पुण्याचं 'मला' आपल्याकडे 'मले' होतं. मोर्शीजवळच्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिलं. त्या जुन्या मराठीत 'ला'च्या जागी 'सि' दिसतं. 'गोसावियांसि' म्हणजे गोसाव्यांना. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. म्हणून कुणी 'मले' म्हणाला की हसणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, यात चूक काही नाही. 'मले'मधलं 'ले' हे वऱ्हाडीचं रीतसर शेपूट आहे.

आणखी एक गोष्ट भाचीला फार आवडली. इंग्रजी शब्दांच्या या जोड्या शिकताना रडकुंडीला येणारी ती एकटी नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२०च्या दशकापासून जपानमध्ये शिकवत होते. परदेशी विद्यार्थ्यांना शब्दाचा नुसता अर्थ पुरत नाही, तो वाक्यात कसा वापरायचा हेही सांगावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तसा कोश केला आणि तो महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, जपानमध्येच छापून निघाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो पुन्हा छापला. आज शाळेच्या कपाटात असलेली जाडजूड ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी त्याचीच पुढची आवृत्ती. तिच्यात 'अफ्रेड' काढून पाहा. शेजारी 'ऑफ' छापलेला सापडेल.

संध्याकाळी भाचीनं वहीत नवीन पान काढलं. डाव्या बाजूला आजीची वाक्यं, उजव्या बाजूला इंग्रजी. अकोल्याला परत जाईपर्यंत तिच्या सव्वीस जोड्या झाल्या. त्यातल्या एकोणीस जुळल्या, सात जुळल्या नाहीत. न जुळलेल्या सातांखाली तिनं लाल रेघ ओढली, यावेळी स्वतःच्या हातानं.

तुम्हीही असं एक पान करा. आजीला, आजोबांना, शेजारच्या काकूंना विचारा: तुम्हाला कशाचं भेव लागतं, कशाचा कंटाळा येतो, कशाची आवड आहे? ते जसं बोलतील तसंच लिहा, 'मले' असेल तर 'मले'च लिहा. समोर इंग्रजी जोडी मांडा, डिक्शनरीत तपासा, आणि न जुळलेली एक जोडी आम्हाला नक्की कळवा.