पडत्या ठोकळ्यांचा पट निःशेष रिकामा करणे : समविषमतेचा एक विचार

टेट्रिस हा खेळ अलेक्सेई पाझितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात रचला. नावाचे पूर्वपद 'चार' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले आहे, तर उत्तरपद कर्त्याच्या आवडत्या टेनिसवरून. अशी संकरित नामे भाषाभ्यासकास अपरिचित नाहीत. प्रत्येक ठोकळा चार घरांचा असून आकार एकंदर सात आहेत. त्यांस रोमन अक्षरांशी असलेल्या साम्यावरून आय, ओ, टी, एस, झेड, एल आणि जे म्हणतात. पट दहा घरे रुंद असतो. भरलेली ओळ नाहीशी होते आणि तिच्यावरचा भार खाली येतो.

नंदुरबारच्या मिरचीबाजारात पोत्यांची थप्पी लावणारा हमाल खाली पोकळी राहू देत नाही. सामान्य खेळाडूचे धोरणही तेच असते. परंतु पटावर एकही घर उरू द्यावयाचे नसेल, तर एवढी दक्षता पुरत नाही. चार घरांच्या ठोकळ्यांनी दहा घरांच्या ओळी भरावयाच्या, म्हणजे ठोकळे पाचाच्या पटीतच लागणार : पाच ठोकळ्यांत दोन ओळी, दहांत चार.

आजच्या बहुतेक आवृत्त्यांत सातही आकारांची एक फेरी पुरी झाल्यावरच दुसरी सुरू होते. तेव्हा नवशिक्यास असे वाटते की, पहिल्या फेरीने सात स्तंभ चार ओळींपर्यंत भरावेत व उरलेले तीन स्तंभ पुढील तीन ठोकळ्यांनी. हा प्रयत्न कितीही वेळा केला तरी फसतो. पट बुद्धिबळासारखा काळापांढरा रंगविला असे माना. सहा आकार प्रत्येकी दोन काळी व दोन पांढरी घरे व्यापतात. टी मात्र तीन एका रंगाची व एक दुसऱ्याचे. बेरीज पंधरा व तेरा होते, हवी ती चौदा व चौदा. (प्रस्तार न मांडता संख्या काढण्याची छंदःशास्त्रातील रीत येथे आठवावी.)

ओळ नाहीशी झाली की वरची घरे एका घराने खाली सरकतात व त्यांचे रंग उलटतात. तेथे ही गणती मोडते. स्तंभ मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून एकाआड एक स्तंभ रंगवावेत. पट रिकामा व्हावयाचा तर दोन्ही रंगांची व्यापलेली घरे अखेर समान हवीत. ओ, एस, झेड आणि आडवा आय यांचा समतोल असतो. उभा आय चारांचा फरक पाडतो. एल व जे कसेही ठेवले तरी दोहोंचा फरक पाडतात. टी आडवा असता फरक शून्य, उभा असता दोन. यावरून एल, जे आणि उभे टी यांची एकत्रित संख्या समच असली पाहिजे.

येथेच खेळाडूच्या हाती काही उरते. पहिल्या फेरीत एल व जे एकेक असतात. पुढचे तीन ठोकळे एल, एस व ओ असल्यास एल-जे मिळून तीन होतात, आणि टी उभाच ठेवावा लागतो. ते तीन ओ, एस व झेड असल्यास तो आडवाच पाहिजे. दोन टी आले असता नेमका एक उभा ठेवावयाचा की नाही, एवढाच प्रश्न राहतो. ही अट आवश्यक आहे, पुरेशी नव्हे. ती पाळूनही एस व झेड अनेकदा डाव बिघडवितात. तथापि ती मोडल्यास मार्गच उरत नाही. सबब, पुढचे ठोकळे दिसेपर्यंत राखीव जागेत ठेवावयाचा तो आय नव्हे, टी होय. लांब आयचा मोह बहुतेकांस होतो.