तळ्यातील सूक्ष्म प्रजा

गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवर प्रकल्प करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला फार मोठ्या सरंजामाची आवश्यकता नाही; डेल्फ्ट शहरातील कापडाचे व्यापारी आणि तेथील नगर-कचेरीतील नोकर अंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७४ साली जवळच्या सरोवराचे पाणी तपासले, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतः तयार केलेले एकभिंगी उपकरणच होते.

सुके गवत पाण्यात उकळावे आणि ते निवल्यावर तळ्याचे थोडे पाणी त्यात घालून भांडे सावलीत ठेवावे. प्रथम जीवाणूंची बेसुमार वाढ होऊन वर साय धरते, आणि त्यांच्यावर उपजीविका करणारे पॅरामीशियम पुढे काही दिवसांत दिसू लागतात. चपळ जीव दृष्टीच्या टप्प्यात राहावा म्हणून थेंबात कापसाचे चार तंतू सोडून त्याची वाट अडवावी.

सुमारे ०.१ ते ०.३ मिलिमीटर लांबीचा हा एकपेशीय जीव अंगभर असलेल्या पक्ष्माभिकांच्या तालबद्ध हालचालीने स्वतःभोवती फिरत पोहतो. परंतु माझ्या मते त्याहूनही विलोभनीय दृश्य त्याच्या संकोचशील रिक्तिकेचे होय, कारण पेशीतील द्राव भोवतालच्या पाण्याहून अधिक संहत असल्याने जे पाणी अखंड आत शिरते, ते साठवून ही रिक्तिका पुनःपुन्हा बाहेर टाकीत असते. थेंबात किंचित मीठ मिसळले असता तिचे आकुंचन मंदावते. घड्याळ समोर ठेवून त्याची मोजदाद अवश्य करावी.

पाहण्यापूर्वीच पुस्तकातील आकृती उतरवून घेण्याचा प्रघात मात्र सर्वथा त्याज्य आहे. तारीख, जागा आणि पाण्याचे तपमान नोंदवून जे दिसले तेच वहीत रेखाटावे.