विश्लेषण : पाळीव श्वान अंगावर धावून येतो, मदत कोणाकडे मागायची?

दिघी, भोसरी, मोशी या पट्ट्यात अनेक घरांतील दोघेही शिफ्टमध्ये कामाला जातात आणि श्वान दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा राहतो. सततचे भुंकणे, दार ओरबाडणे, लिफ्टमध्ये शेजाऱ्यावर धावून जाणे अशा तक्रारी सोसायटीपर्यंत पोहोचतात. त्यातून श्वानाला रस्त्यावर सोडून देण्यापर्यंत वेळ येते. हे टाळण्यासाठी काय करावे, याविषयी...

पहिली भेट कोणाची?
नोंदणीकृत पशुवैद्यकाची. कानातील संसर्ग, दातदुखी किंवा सांधेदुखी असलेला श्वान हात लावताच चावू शकतो. स्वभाव अचानक बदलला असेल, तर आधी दुखणे तपासावे लागते. एकटेपणाच्या तीव्र भीतीवर औषधेही आहेत. अमेरिकेत क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये, तर फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये श्वानांसाठी मान्यता मिळाली. मात्र ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच आणि प्रशिक्षणाच्या जोडीनेच द्यायची असतात.

प्रशिक्षक आणि वर्तनतज्ज्ञ यांत फरक काय?
प्रशिक्षक ‘बस’, ‘थांब’ अशा आज्ञा आणि पट्ट्यासोबत चालणे शिकवतो. वर्तनतज्ज्ञ भीती किंवा आक्रमकतेचे मूळ शोधतो. श्वान कधी, कोणावर, कशामुळे धावला याची नोंद आणि मोबाइलवरील चित्रफीत त्याला उपयोगी पडते. आषाढी वारीत माउलींची पालखी दिघीमार्गे पुण्याकडे जाते, गणेशोत्सवात ढोल-ताशे, दिवाळीत फटाके वाजतात. अशा आवाजांची भीती घालवताना आधी अगदी कमी आवाज, सोबत खाऊ आणि मग हळूहळू वाढ, ही पद्धत वापरतात.

निवड कशी करावी?
आपल्याकडे श्वान प्रशिक्षकासाठी पशुवैद्यकाप्रमाणे सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे शिकवणी प्रत्यक्ष पाहावी. मारहाण, विजेचा झटका देणारा पट्टा किंवा ‘आठवड्यात हमखास गुण’ असा दावा असेल, तर दूर राहावे. गुरगुरणे हा इशारा असतो. शिक्षेने तो दाबला, की श्वान पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावू शकतो. मालकालाही सोबत शिकवणारा प्रशिक्षक निवडावा.

तोपर्यंत काय?
बाहेर नेताना पट्टा आणि सवय करून दिलेली जाळीची मुसकी वापरावी, लहान मुलांजवळ एकटे सोडू नये, रेबीजची लस चुकवू नये. कोणाला चावा घेतल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

कायदा काय सांगतो?
प्राण्यापासून इतरांना धोका असताना मालकाने हयगय केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. श्वान सोडून देणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे अवघा १० ते ५० रुपये.